तीनदा थांबलेला हात

आई,

काल संध्याकाळी वरच्या मजल्यावरची मुलगी माझ्याकडे आली होती. तू तिला ओळखत नाहीस. तुझ्यानंतर या बाजूला जी नवी माणसं राहायला आली त्यांतली ती. पुण्याची आहे, इथे कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी करते, मला काकू म्हणते. तिचं हृदय मधूनच काही कारण नसताना भरधाव सुटतं, आणि डॉक्टरांनी तिला तेच सांगितलंय जे जवळजवळ तीस वर्षांपूर्वी मला सांगितलं होतं. तिच्या फोनमध्ये पाच डॉक्टरांची नावं होती आणि प्रत्येक नावापुढे चांदण्या. "काकू, तुम्ही कसा सिलेक्ट केलात डॉक्टर? तेव्हा तर रिव्ह्यूजपण नव्हते," तिनं विचारलं. मी तिला कॉफी दिली, इकडचंतिकडचं काहीतरी सांगितलं, ती गेली. खरं उत्तर मला देता आलं नाही, कारण डॉक्टर मी निवडलाच नव्हता. तू निवडलास. आणि तो कसा निवडलास हे आठवायला बसले की आजही मी थक्क होते. म्हणून तुलाच लिहायला घेतलं.

मी तेवीस वर्षांची होते. मल्लेश्वरमच्या शाळेत नुकतीच गणित शिकवायला लागले होते. नववीच्या वर्गात फळ्यावर समीकरण लिहिता लिहिता खडू हातातून सुटला आणि मी खाली पडले. त्याआधीही हे व्हायचं, अगदी लहानपणापासून. छातीत एकदम काहीतरी सुटायचं, धडधड इतकी वाढायची की गळ्याशी पदर हललेला दिसायचा, आणि मग जसं आलं तसंच थांबायचं. डॉक्टरकडे पोचेपर्यंत सगळं शांत. कुणी म्हणालं अशक्तपणा, कुणी म्हणालं मनाचं आहे, एका वयस्कर डॉक्टरांनी तर तुला सांगितलं, लग्न करून द्या, आपोआप जाईल. घरात एकट्या तुझाच माझ्यावर विश्वास होता. तू माझं मनगट धरायचीस, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजायला लागायचीस आणि मध्येच सोडून द्यायचीस. "मोजता येत नाही, इतकं जलद आहे," असं तू अण्णांना सांगायचीस, आणि अण्णा वर्तमानपत्राची घडी घालत म्हणायचे, "अगं, घाबरली असेल."

शाळेतून मला सरळ जवळच्या दवाखान्यात नेलं म्हणून त्या दिवशी पहिल्यांदा ते हृदयाच्या आलेखाच्या कागदावर उतरलं. मग कळलं की हृदयात विजेसारखा एक संदेश वरून खाली जातो, त्याची एकच वाट असते, आणि माझ्या हृदयात जन्मापासून दुसरी एक चोरवाट आहे. संदेश एकीनं खाली जातो, दुसरीनं परत वर येतो, आणि गोल गोल फिरत राहतो. गोळ्यांनी तो थोडाफार आवरता येतो. पण आता एक नवा उपाय निघालाय, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. मांडीच्या शिरेतून बारीक तार हृदयापर्यंत न्यायची आणि टोक तापवून ती चोरवाटच जाळून टाकायची. छाती उघडायची नाही, टाका घालायचा नाही. आपल्या गावात हे करणारे तेव्हा बोटांवर मोजण्याइतके. आणि माझ्या बाबतीत एक अडचण होती. माझी चोरवाट खऱ्या वाटेच्या अगदी अंगाला लागून होती. तांदळाच्या दाण्याएवढा हात सरकला तर खरी वाट जळणार, आणि मग जन्मभर छातीत यंत्र बसवून त्याच्या ठोक्यांवर जगायचं.

अण्णांना ते नको होतं. गोळ्या घे, लग्न ठरेपर्यंत कुणाला कळू देऊ नको, एवढंच त्यांचं म्हणणं. तू त्यांच्याशी वाद घातला नाहीस. दुसऱ्या दिवशी कारखान्यात रजेचा अर्ज दिलास.

तुझ्या नोकरीबद्दल मी त्या मुलीला सांगायला हवं होतं. टेलिफोनच्या कारखान्यात तू तपासणी खात्यात होतीस. प्रत्येक बाकावरची बाई आपला माल आधी स्वतः तपासायची, नापास झालेला वेगळ्या पेटीत टाकायची, आणि मग सगळं तुझ्या टेबलावर यायचं. दिवसाच्या शेवटी प्रत्येक बाकानं किती नापास काढलं हे तू लिहायचीस. तू एकदा मला सांगितलं होतंस की ज्या बाकाकडून एकही नापास येत नाही, तिथे तू सगळ्यांत आधी जायचीस. मी विचारलं, का? ती बाई तर चांगलं काम करते. तू म्हणालीस, "चांगलं करत असेलही. पण बहुतेक वेळा ती बघतच नसते." तेव्हा मी शाळेत होते, मला ते नीट कळलं नव्हतं.

पहिले डॉक्टर सगळ्यांत मोठे. त्यांच्या खोलीबाहेर बसायला जागा नव्हती. आपण सकाळी गेलो ते जेवणाची वेळ टळल्यावर आत गेलो. त्यांनी माझा कागद बघितला, मान हलवली, तारीख देतो म्हणाले. तू खुर्चीच्या कडेवर बसली होतीस, मांडीवर कारखान्याची ती खाकी पिशवी. तू विचारलंस, "तार तुम्ही स्वतः धरणार का?"  "माझी टीम आहे," ते म्हणाले. "टीममधलं कोण?" "ते तुम्हाला कशाला हवं, अम्मा?" तू म्हणालीस, "पोरगी माझी आहे म्हणून." बाहेर आल्यावर माझे कान लाल झाले होते. एवढ्या मोठ्या माणसाला असं विचारतात का, मी तुला म्हणाले. तू पिशवीतून डबा काढलास आणि तिथल्याच बाकावर मला चित्रान्न खायला लावलंस.

दुसरे डॉक्टर परदेशातून शिकून आलेले, तरुण. खोलीत गार हवा, टेबलावर हृदयाचा प्लास्टिकचा नमुना, तोही उघडून दाखवला. माझ्याशी इंग्रजीत बोलले, इतकं सुंदर समजावलं की मला वाटलं, संपलं, हेच. मग तू कन्नडमध्ये तुझा प्रश्न विचारलास. "आतापर्यंत किती केसेस चुकल्या?" ते हसले. "एकही नाही. काळजीच करू नका." "एकही नाही?" "एकही नाही." तू "सरी" म्हणालीस, बरं म्हणावं तसं, नमस्कार केलास आणि उठलीस. त्या "सरी"वरून मला कळलं की आपण परत इथे येणार नाही. बसमध्ये मी रडले. मला बरं व्हायचं होतं, आई. माझ्या बरोबरीच्या मुली रात्री शांत झोपत होत्या, जिने चढत होत्या, आणि तू एकेका डॉक्टरला कारखान्यातला बाक समजून नापास करत होतीस. मी तसं बोललेही. तू तिकिटांची घडी करून पिशवीत ठेवलीस. यशवंतपूरचा बाजार आला तेव्हा म्हणालीस, "स्वल्प थांब. अजून एक आहेत."

तिसऱ्यांची खोली लहान होती. भिंतीचा रंग उडालेला, पंखा आवाज करत होता. पन्नाशीचे असतील, बुटके, चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला. त्यांनी माझा कागद खिडकीपाशी नेऊन पुष्कळ वेळ बघितला. मग पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने चित्र काढलं, दोन रेघा, जवळजवळ चिकटलेल्या. "ही देवाची, ही चुकून राहिलेली," ते म्हणाले. "इथे काम करायचंय. सोपं नाही." तू विचारलंस, स्वतः करणार का. हो म्हणाले. तू विचारलंस, किती चुकल्या.

त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला. "काहींचं काम झालंच नाही, परत करावं लागलं," ते म्हणाले. "आणि एक चुकली. अशीच जागा होती. माझ्या हातून खरी वाट जळली. तिच्या छातीत आता यंत्र आहे."  मला वाटलं, आता आई उठणार. तू म्हणालीस, "मला तिला भेटायचंय." कुठल्याही डॉक्टरने तुला हाकलून दिलं असतं. त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "तिला विचारतो. ती हो म्हणाली तर पत्ता देईन. नाही म्हणाली तर पुन्हा विचारू नका."

आठवड्यानं शाळेच्या फोनवर निरोप आला. आपण आनेकलला गेलो. स्टँडवरून चालत, तुतीच्या शेतांच्या बाजूनं. तिचं शिवणकामाचं दुकान घराच्या ओट्यावरच आहे. ती मशीनवर बसली आहे, पस्तिशीची असेल, समोर परकरांचा ढीग. आपल्याला बघून उठते, तुला अक्का म्हणते, आत नेते, ताक देते. मला तिच्याकडे बघवत नाही. तू मात्र तुझ्या पद्धतीनं सरळ विचारतेस, "त्या दिवशी काय झालं?"

ती सांगायला लागते. काम संपलं, तिला बाहेर आणलं, तर नाडी अगदी मंद. सासू बाहेर जमिनीवर बसलेली. डॉक्टर आले आणि सासूच्या समोर तसेच उकिडवे बसले. म्हणाले, "अम्मा, माझ्याकडून चूक झाली. माझ्या हातानं झाली. तुमच्या सुनेचा दोष नाही, तिच्या नशिबाचा नाही." ती म्हणाली, "अक्का, ते सांगितलं नसतं तर आम्हाला कधी कळलं असतं? आम्ही देवाची मर्जी म्हणालो असतो. घरात मलाच बोल लागला असता, अपशकुनी म्हणून." मग तिने पदर थोडा सरकवला आणि गळ्याच्या हाडाखालचा उंचवटा दाखवला, काड्यापेटीएवढा. तू विचारलंस, हात लावू? ती हो म्हणाली. तू दोन बोटं तिथे ठेवलीस, जशी माझ्या मनगटावर ठेवायचीस, आणि तुझे ओठ हलायला लागले. या खेपेला तू मध्येच सोडलं नाहीस. पुरतं मिनिटभर मोजलंस. "मोजता येतं," तू म्हणालीस, आणि तिला हसू आलं.

निघताना तू तिला विचारलंस, "तुझी मुलगी असती तर कुणाकडे पाठवली असतीस?" तिनं क्षणभरही विचार केला नाही. "त्यांच्याकडेच. ती जागा आता त्यांच्याइतकी कुणाला माहीत असेल?"

परतीच्या बसमध्ये मी तुला म्हणाले, मला भीती वाटते. ज्यानं एकीचं बिघडवलं त्याच्याच हातात मला देणार? तू मला समजावलं नाहीस, जवळ घेतलं नाहीस. तू म्हणालीस, "भीती मलाही वाटते. पण त्यांनाही वाटते, ते मी बघितलं. त्या दोघांना वाटत नव्हती." घरी आल्यावर अण्णांना सांगितलंस की ठरलं. अण्णा म्हणाले, लोक काय म्हणतील. तू म्हणालीस, लोकांना मी सांगीन. आणि खरंच, शेजारपाजारच्या प्रत्येकीला तू स्वतःहून सांगितलंस, कुणाला कुजबुजायला काही शिल्लकच ठेवलं नाहीस.

त्या दिवसाचं मी तुला थोडंच सांगितलं होतं. आज सगळं सांगते. मला झोपवलं नव्हतं. जांघेत सुई टोचली तेवढीच दुखली, मग तार आत जाताना काहीच कळलं नाही. माझ्या डावीकडे एक पडदा होता आणि त्यावर हिरव्या रेघा धावत होत्या. डॉक्टर म्हणाले, "ते तुझं हृदय आहे, बघ हवं तर." मी बघितलं. लहानपणापासून ज्यानं मला छळलं ते इतकं शिस्तीत, एका ओळीत चाललं होतं, मुलं प्रार्थनेला जातात तसं. मग ते म्हणाले, "आता मी तुझी धडधड मुद्दाम सुरू करतो. घाबरू नको, मीच थांबवणार आहे." आणि आई, ती आली. तीच, हुबेहूब तीच. जिला कुणी खरं मानलं नव्हतं, डॉक्टरांच्या दारात पोचलं की जी पळून जायची, तिला या माणसानं हाक मारली आणि ती आली. "हीच का?" त्यांनी विचारलं. "हीच," मी म्हणाले आणि मला रडू फुटलं. दुखत होतं म्हणून नाही. मी खोटं बोलत नव्हते, हे सगळ्या खोलीला दिसत होतं म्हणून.

त्यांनी ती थांबवली. मग शोध सुरू झाला. तार केसभर पुढे, केसभर मागे. ते म्हणायचे "ऑन", दुसरी एक बाई कळ दाबायची. दोन श्वास होतात न होतात तोच ते म्हणायचे "ऑफ". पहिल्यांदा थांबले. जागा बदलली. "ऑन." "ऑफ." दुसऱ्यांदा थांबले. छातीत किंचित ऊब जाणवायची, बाकी काही नाही. खोलीतले सगळे हळू बोलायला लागले होते. तिसऱ्यांदा "ऑफ" म्हणाल्यावर त्यांनी पुढची जागा शोधली नाही. मी त्यांचा हात बघत होते. हातमोज्यातली बोटं तारेवर ठेवलेली, हलत नव्हती. मग त्यांनी मला सांगितलं, "फार जवळ आहे. प्रत्येक वेळी खरी वाट मला खूण करते आणि मी थांबतो. इथेच सोडून दिलं तर गोळ्यांवर राहता येईल. अजून एक बाजू बघायची राहिली आहे, पण धोका तोच." मी म्हणाले, आईला विचारा. त्यांनी सिस्टरला बाहेर पाठवलं.

ती परत आली तेव्हा तिचा चेहरा काहीतरी वेगळाच झाला होता. "त्या म्हणतात, मुलगी म्हणेल तसं करा. आणि डॉक्टरांना सांगा, थांबावंसं वाटलं तर थांबा. काम झालं नाही तरी आमचा राग नाही."

त्यांनी डोळे मिटले, उघडले. माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "करा." पुढं जे झालं ते मी आजवर कुणाला नीट सांगू शकलेले नाही. त्यांनी तार जवळजवळ पूर्ण मागे घेतली, दुसऱ्या बाजूनं वळवून आणली, इतक्या सावकाश की मला वाटलं हललीच नाही. "ऑन." मी श्वास धरला. एक, दोन, तीन. "ऑफ" आलं नाही. पडद्यावरच्या रेघेला जन्मापासून जो एक तिरपा चढ होता, ज्याच्यावरून मला रोगी ठरवलं होतं, तो माझ्या डोळ्यांदेखत गेला. कुणीतरी पुसावा तसा. तेवीस वर्षं माझ्या आत असलेली गोष्ट तीन आकडे मोजेपर्यंत नाहीशी झाली, आणि तिच्या शेजारची, तिच्यापासून दाण्याच्या अंतरावरची वाट जशीच्या तशी चालू राहिली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, "आता अर्धा तास वाट बघायची, परत येते का." आणि एका लोखंडी स्टुलावर माझ्या पायाशी बसून राहिले, पडद्याकडे बघत, जत्रेत देवाची पालखी येताना माणसं बघतात तसे. मला त्या अर्ध्या तासात वाटलं की इतका मोठा माणूस मी पुन्हा बघणार नाही. दारापलीकडे तू बसली होतीस, म्हणजे मी एकीला मोजायला विसरत होते.

ती परत आली नाही. मांडीवर वाळूची पिशवी ठेवून मला वॉर्डात आणलं. तू आलीस, माझं मनगट धरलंस, मोजलंस. डॉक्टर पाठोपाठ आले. तू त्यांना धन्यवाद म्हणाली नाहीस. विचारलंस, "किती वेळा थांबलात?" ते म्हणाले, "तीनदा." "सरी," तू म्हणालीस, आणि मग एकदम, वॉर्डात सगळ्यांसमोर, त्यांच्या पाया पडायला वाकलीस. त्यांनी तुला अर्ध्यातच धरलं. ते म्हणाले, "अम्मा, आज आत तुमचा निरोप आला नसता तर मी चौथ्यांदा धजलो नसतो. लोक आम्हाला जिंकायलाच पाठवतात. थांबायची परवानगी कुणी देत नाही."  तू माझी चादर सारखी करत राहिलीस.

त्यानंतर मला कधीच धडधड झाली नाही. लग्न झालं, मुलं झाली, जिने चढले. तू निवृत्त झालीस आणि दोन वर्षांत गेलीस, तुझ्या मूत्रपिंडाच्या आजारानं, ज्यासाठी तू स्वतःकरता एकाही डॉक्टरला एकही प्रश्न विचारला नाहीस. त्या पुण्याच्या मुलीला मी उद्या हे सगळं सांगणार आहे. तिच्याबरोबर जाईन म्हणते, तिला चालणार असेल तर.

पण एक गोष्ट तिला सांगणार नाही, तुला सांगते. मी बरी झाल्यावर महिन्याभरानं तू माझ्या हातात एक इळकल साडी दिलीस आणि म्हणालीस, आनेकलला जा, तिला दे, तुझं चांगलं झालं हे तुझ्या तोंडून तिला कळू दे. मी गेले. वाटेत चंदापूरला बस थांबली तेव्हा मी उतरले. माझी छाती कोरी होती, आणि तिच्या ओट्यावर जाऊन तिला ती दाखवायचा मला धीर झाला नाही. समोरून येणाऱ्या बसनं परत आले, साडी शाळेतल्या एका मैत्रिणीला देऊन टाकली. घरी तू दारातच विचारलंस, काय म्हणाली गं? मी म्हणाले, तिला फार आनंद झाला. म्हणाली, माझं दुःख तरी कुणाच्या उपयोगी पडलं. तुझे डोळे भरून आले. पुढं कितीतरी वर्षं तू ते वाक्य लोकांना सांगायचीस, तिचं म्हणून.

आई, ती तसं म्हणाली नव्हती. ते मी बसमध्ये तयार केलं होतं.